उत्तर नाही

माझ्या भाचीची मुलगी परवा आमच्याकडे पाय हलवत बसली होती. परीक्षा जवळ आली की तिची छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, घास गिळत नाही. त्याला आता इंग्रजी नाव आहे आणि ती ते चारचौघांत बिनदिक्कत घेते. मला म्हणाली, "आजी, तुम्हालाही असं व्हायचं म्हणे. मग तुम्ही काय करायच्या?" मी म्हटलं, "गालात लवंग ठेवायची." ती हसली, तिची आई हसली, मीही हसले. मग मी उठून आत गेले आणि गरज नसताना वाती वळत बसले. लवंगेनं मला काडीचाही फरक पडला नव्हता. ज्यानं पडला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या पोरीला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून लिहिते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नागपुरात, ट्रंक कॉलच्या बोर्डावर, सत्तरच्या दशकात. तेव्हा दुसऱ्या गावाशी बोलायचं तर आधी आम्हाला फोन करून कॉल बुक करावा लागे आणि मग घरी वाट पाहत बसावं लागे. आम्ही बायका एका उंच बोर्डासमोर ओळीनं बसायचो. कानाला हेडसेट, समोर शेकडो छिद्रं, प्रत्येक छिद्राशी बारीकसा दिवा. दिवा लागला की तिथं दोरीचा प्लग खुपसायचा, नंबर विचारायचा, कागदाच्या तिकिटावर लिहायचा, पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची आणि दोन्ही दोऱ्या जोडून द्यायच्या. तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून सांगायचं, "तीन मिनिटं झाली." लोक आईबापाशी बोलत असोत की सावकाराशी, आमचं तोंड मध्ये यायचंच. माझ्या बोर्डावर जवळच्या गावांच्या लाईनी होत्या. उमरेड, रामटेक, काटोल वगैरे.

नोकरी चांगली होती. महाल भागातल्या दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी राहायचो. आई मी नववीत असताना गेली, बाबा त्याच्या आधीच. दादानं शिकवलं, नोकरीला लावलं. गल्लीतल्या बायका वहिनीला म्हणायच्या, "तुमची नणंद फोनवर असते नं वं?" जशी काही मी फोनमधूनच बोलते. वहिनीला त्याचा अभिमान होता. त्यामुळे पहिलं वर्ष संपता संपता मला जे व्हायला लागलं ते घरी सांगायची सोय नव्हती.

एका सकाळी बोर्डावर आठ-दहा दिवे एकदम लागले. त्यात नवीन काही नव्हतं, रोजच लागायचे. पण त्या दिवशी माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की ते हेडसेटमधून पलीकडे ऐकू जाईल असं वाटलं. बोटं बधिर झाली. एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला मी कुठल्याशा शाळेच्या हेडमास्तरांना जोडून दिलं आणि दोघं एकमेकांना "आपण कोण?" विचारत बसले. सुपरवायझर बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काहून वं, हात काहून थरथरून राहिले तुझे? चहा जास्त झाला काय?" मी म्हटलं, हो. तेव्हापासून ते सुरूच झालं. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून तीनदा. शेजारच्या मैत्रिणींना माझा चेहरा पाहून कळायचं. त्या म्हणायच्या, "सुटली हिची मालगाडी." मीही हसायचे. हसता हसता पदराखाली दुसऱ्या हाताचा अंगठा इतका दाबायचे की नख काळं पडायचं.

उपाय मी कमी केले नाहीत. लवंग झाली. साखरेचं पाणी झालं. मारुतीचे शनिवार धरले, त्यात उपाशी पोटी धडधड वाढली आणि सोडले. छताच्या लोखंडी कड्या मोजल्या. डॉक्टरनं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. वहिनीला बाटली दिसली तेव्हा तिनं एकच निदान केलं, "लग्न करून टाका आता हिचं." दादा म्हणाला, अंबाझरी तळ्याच्या पाळीवर चालत जा, मोकळी हवा लागेल. गेले. तळ्याकडे पाहिलं तर वाटलं, पाळ फुटली तर? परत आले बाप्पा!

मग तो मंगळवार आला.

आमच्याकडे ठरलेल्या वेळेचे कॉल असायचे. लोक सांगून ठेवायचे की अमुक वारी अमुक वाजता अमुक गाव लावून द्या. धरमपेठेतल्या एका वकिलांच्या बायकोचा असा कॉल होता, दर मंगळवारी दुपारी अडीचला, उमरेडला, तिच्या आईकडे. आईचे यजमान डॉक्टर होते, ते वारले तरी घरचा फोन राहिला होता. उमरेडचा ऑपरेटर, वयस्क माणूस, त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचा. मीही मनात तेच म्हणायला लागले.

कॉल जोडल्यावर आवाज नीट पोचतो की नाही एवढंच ऐकायचं आणि बोर्डावरची कळ मागे ढकलून आपण बाजूला व्हायचं, असा नियम होता. त्या मंगळवारी माझी छाती सकाळपासून ठिकाणावर नव्हती. मी कॉल जोडला, कळ मागे ढकलायची राहून गेली, आणि कानात आवाज आला.

"जेवली काय वं?"

मी जवळजवळ "हो" म्हणणार होते.

"जेवली," लेक म्हणाली. "आलू-वांगं केलं होतं."

"सांबार टाकला काय वरून? नाहीतर तू विसरते."

"टाकली वं आई, कोथिंबीर."

"अन् ऐक, आपल्या बकरीनं शेजारीण बाईच्या ओट्यावरच्या मिरच्या खाल्ल्या. वाळत टाकल्या होत्या नं तिनं. आता बोंबलून राहिली."

"कोण, शेजारीण?"

"दोघीही बोंबलून राहिल्या."

मला हसू फुटलं. तोंडावर हात धरला. तीन मिनिटं कधी झाली कळलं नाही. त्या बाई फोन ठेवताना "ठेवते" म्हणत नसत, "येजो वं" म्हणत, जशी काही लेक ओट्यावरून निघाली आहे आणि पुन्हा येणार आहे. कॉल संपला, मी प्लग काढला आणि लक्षात आलं, धडधड थांबली होती. बोटं गरम होती. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मी एकही चूक केली नाही.

पुढच्या मंगळवारी कळ मागे ढकलायची राहून गेली नाही. मी ती ढकलली नाही. हा फरक मला तेव्हाही माहीत होता.

चोरून ऐकणं हा आमच्याकडे गुन्हाच होता. नोकरी जाऊ शकत होती, आणि ते सोडा, ती गोष्टच वाईट होती. कुणाच्या घरात खिडकीतून डोकावणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? तेच मी होते. पण मी स्वतःला फसवायला भारी हुशार. म्हणायचे, मी काय कुणाचं गुपित ऐकते? बकरी, मिरच्या, लोणच्याला बुरशी आली, विहिरीचं पाणी खाली गेलं. ह्यात चोरण्यासारखं आहे काय? मी तर तीन मिनिटांची सूचनाही अर्धा-एक मिनिट उशिरा देत होते. मीच त्यांच्यावर उपकार करते आहे असा माझा आव होता.

मंगळवारची दुपारची ड्यूटी मी कुणाला देत नव्हते. पोळ्याच्या दिवशी सगळ्या जणी सुटीसाठी भांडत होत्या, मंगळवार होता, मी म्हटलं मी येते. "केवढी गुणाची पोरगी," सुपरवायझर बाई म्हणाल्या. मी खाली पाहिलं. मंगळवारचं ऐकलेलं मला गुरुवारपर्यंत पुरायचं. शुक्रवारी धडधड सुरू झाली की मी डोळे मिटून तो आवाज मनात लावायचे. "जेवली काय वं?" वहिनी मला उपाशी ठेवत होती असं नाही बरं. ताट वाढलेलं असायचं, झाकलेलं असायचं. विचारायचं मात्र कुणी नाही, आणि एवढ्या मोठ्या बाईला कोण विचारणार?

आणखी एक सांगते, ते सांगताना जास्त लाज वाटते. मला त्या लेकीचा राग यायला लागला. एका मंगळवारी ती म्हणाली, "आई, आज घाई आहे, पाहुणे बसले आहेत," आणि दीड मिनिटात कॉल संपवला. मी दिवसभर जळफळत होते. एवढी काय घाई हिला? आई वाट पाहते ते समजत नाही हिला? घरी जाऊन वहिनीवर विनाकारण ओरडले. जणू माझाच वाटा तिनं कमी केला होता.

असं दीड वर्ष चाललं. मी बरी झाले असं सगळे म्हणायला लागले. टॉनिक लागू पडलं, असं वहिनी शेजारणींना सांगायची.

त्या दिवशी शनिवार होता, माझी सकाळची पाळी. सव्वाअकरा वाजले होते. उमरेडच्या लाईनचा दिवा लागला. मी प्लग लावला. उमरेडच्या ऑपरेटरचा आवाज रोजच्यासारखा नव्हता.

"नागपूर, अर्जंट घ्या बाई. धरमपेठ, वकील साहेबांचा नंबर. डॉक्टरीणबाईच्या घरून आहे. सकाळी मोरीत पडल्या त्या. डॉक्टर म्हणते, भरवसा नाही. शुद्धीवर आहेत, लेकीले बोलावून राहिल्या. शेजारचे आहेत लाईनवर. लवकर द्या."

मी नंबर तिकिटावर लिहिला. न विचारताच लिहिला, पाठ होता. वकिलांच्या लाईनीत प्लग लावला. आता फक्त घंटीची कळ दाबायची होती. दाबली की धरमपेठेत फोन वाजणार, ती येणार, "हॅलो" म्हणणार, आणि ती शेजारीण तिला सांगणार. मला तिथं असावं लागणार. आवाज पोचतो की नाही ते ऐकावं लागणार.

माझा हात कळीवर होता आणि तो दाबेना. छातीत जे उठलं ते आधी कधी तसं उठलं नव्हतं. कान बंद झाले, बोर्ड दिसेना. डोक्यात एकच येत होतं की ही कळ दाबली की मंगळवार संपला. त्या बाई मरत होत्या आणि मला माझा मंगळवार दिसत होता. हे मी आज शोधून काढलेलं नाही. तेव्हाच मला स्पष्ट कळत होतं.

"नागपूर? लागला काय?"

माझ्या तोंडातून शब्द निघाले ते आमचे रोजचे होते. दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे शब्द. "उत्तर नाही, उमरेड."

ह्या दोन शब्दांवर आमच्याकडे कुणी शंका घेत नसे. फोन वाजवला, कुणी उचलला नाही, तिकिटावर तसं लिहायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. वाजवला की नाही हे फक्त ऑपरेटरला माहीत. सगळं कामच त्या विश्वासावर चालायचं.

"असं कसं? घरी असतील नं बाई. पुन्हा पाहा."

"पाहते पंधरा मिनिटांनी."

मी प्लग काढला, सुपरवायझर बाईंना म्हटलं पोटात कळ आली आणि आत जाऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिले. स्वतःला सांगितलं, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं, हात थांबू दे, मग लावते. आणि खरंच सांगते, ह्यावर माझा विश्वास होता. परत आले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. हात थांबले होते. दिवा पुन्हा लागला.

"नागपूर, तो अर्जंट."

आता मी लावू शकले असते. पण आता दुसरीच भीती आली. लावला आणि ती पहिल्या घंटीला उचलून म्हणाली, "मी तर घरीच आहे सकाळपासून," तर? उमरेडवाला लाईनवरच होता, तो ऐकणार. मग मघाचं उत्तर नाही कुठून आलं? पहिलं खोटं भीतीनं सुटलं होतं. दुसरं मी विचार करून बोलले.

"अजून उत्तर नाही."

"बाई, त्या दरवाज्याकडे पाहून राहिल्या हो."

"वाजवते आहे ना मी!" मी त्याच्यावर खेकसले. गेली पाच मिनिटं माझा हात मांडीवर होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा विचारलं त्यानं. तिसऱ्यांदाही मी तेच म्हटलं. आता कळ दाबण्याचा विचारही मनात येत नव्हता. वाटत होतं, कुणीतरी तार करेल. कुणी नागपूरला येणारा माणूस सांगेल. कदाचित त्या बऱ्या होतील आणि मंगळवारी मोरीत पडल्याची गोष्ट सांगतील, बकरीच्या गोष्टीसारखी. एक वाजता पाळी बदलली. मी तिकीट पुढच्या मुलीच्या हाती दिलं, त्यावर माझ्या अक्षरात तीनदा उत्तर नाही लिहिलेलं. हेडसेट उतरवून मी पर्स उचलेपर्यंत तिनं कळ दाबली. दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला. "लागला, लागला, बोला उमरेड," ती म्हणाली. मी जिना उतरून गेले.

सोमवारी उमरेडच्या ऑपरेटरनं आपणहून सांगितलं. लेक मिळेल त्या एसटीनं निघाली, साडेतीनला पोचली. डॉक्टरीणबाई अडीचला गेल्या. "तासाभराचा फरक पडला पाहा. शेवटपर्यंत बोलून राहिल्या होत्या. पण तुम्ही तरी काय करसान बाई? कोणी उचललाच नाही तर." तो माझी समजूत काढत होता.

घरी मी कुणाशी बोलले नाही. वहिनीला वाटलं, दुखणं उलटलं. ती ताट घेऊन जवळ येऊन बसली, कपाळाला हात लावला, म्हणाली, "खा वं दोन घास." दीड वर्ष ज्यासाठी मी परक्याच्या दारात कान लावून बसले होते ते माझ्या घरात माझ्यासमोर बसलं होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

कबूल करायची संधीच मिळाली नाही, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती मिळाली.

पंधरा-सोळा दिवसांनी दुपारी बुकिंगच्या बोर्डावर मी बसले होते. दिवा लागला, मी नंबर विचारला. तिनं नंबर सांगायच्या आधीच, तिनं नुसता श्वास घेतला तेव्हाच, मी ओळखलं.

"मंगळवारचा अडीचचा कॉल आहे आमचा, उमरेडचा. तो बंद करायचा आहे."

"बरं."

"आई गेली माझी."

मी काहीतरी म्हटलं. अरेरे, किंवा तसंच काही.

ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "तुमचा आवाज ओळखीचा आहे. मंगळवारी तुम्हीच असता ना? त्या शनिवारी सकाळीपण तुम्हीच होत्या काय?"

मला वाटलं, कळलं हिला. आता विचारेल, आता तक्रार करेल, नोकरी जाईल, दादाला कळेल. आणि खरं सांगायचं तर, कुठेतरी मला हायसंही वाटलं.

"हो," मी म्हटलं.

"मला एक सांगा. किती वेळ वाजवला हो तुम्ही फोन?"

मी पेन्सिल उचलली.

"नाही, म्हणजे मी घरीच होते. सकाळपासून कुठंच गेले नाही. फोन बैठकीत असतो आमचा, मी आतल्या खोलीत गहू निवडत होते. रेडिओ बंद होता. नळ बंद होता. तीन वेळा लावला म्हणे तुम्ही, उमरेडचे ऑपरेटर सांगत होते. तेरवीला माझ्या भावानं सगळ्यांसमोर विचारलं, तू होती कुठं? मी म्हटलं घरीच. तो म्हणे, मग ऐकू कसं नाही आलं? तेव्हापासून तो बोलत नाही माझ्याशी." तिचा आवाज फाटला आणि धरमपेठेतलं ते नीटनेटकं 'मला' सुटून आईचं बोलणं बाहेर आलं. "मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. तो म्हणे कान चांगले आहेत. मंग मले कसं ऐकू नाही आलं हो? आता मी नळ सोडते अन् मधातच बंद करून ऐकते. गहू घेऊन फोनजवळच बसते. छातीत सारखं धडधड करून राहते. म्हणून विचारते. थोडासाच वाजवून सोडून दिला होता काय तुम्ही? तसं असेल तर सांगा. मी कोणाले नाही सांगणार. मले फक्त माहीत पाहिजे."

तिनं दार उघडून दिलं होतं. अर्धं सत्य सांगितलं तरी चाललं असतं. हो बाई, थोडाच वाजवला, चूक माझी. एवढ्यानं तिचे कान तिला परत मिळाले असते, भाऊ कदाचित परत मिळाला असता. पूर्ण सत्य सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, दुसरं काही नाही. मागे सुपरवायझर बाई फिरत होत्या. शेजारची मैत्रीण माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. माझ्या हातात पेन्सिल होती आणि ती थरथरत नव्हती. हे मला नीट आठवतं. त्या दिवशी माझे हात अगदी स्थिर होते.

"बराच वेळ वाजवला," मी म्हटलं. "तिन्ही वेळा."

नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा नीट बोलायला लागली, जशी मोठ्या घरची बाई परक्या बाईशी बोलते तशी.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुम्ही एवढं केलं, आणि मी उलट तुम्हालाच विचारत बसले."

"असू द्या," मी म्हटलं.